उभ्या गाडीचे किलोमीटर

त्या उन्हाळ्यात मच्छिंद्रचं बूड एका जागी टेकत नव्हतं. जेवायला बसला की दोन घास झाले न झाले तोच उठायचा, खरकटा हात तसाच घेऊन अंगणात जायचा, गाडीखाली वाकून बघायचा आणि परत येऊन बसायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शालनचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, डोकं फिरायची वेळ आली होती.

“अवं, गळतंय का काय?”

“न्हाई.”

“मग बघता कशाला सारखं?”

“गळत न्हाई म्हणून तर बघतोय,” असं म्हणून मच्छिंद्र नखं कुरतडायला लागायचा. आता या उत्तराला काही अर्थ आहे का? शालनने तो शोधायचं सोडून दिलं होतं.

गाडी म्हणजे पाण्याचा टँकर. सहा चाकांचा, दहा हजार लिटरचा, वयाने सतरा वर्षांचा. कपाळावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत ‘प्रियदर्शनी’ लिहिलेलं. हे त्याच्या लेकीचं नाव. गाडी दारात आली तेव्हा ती दुसरीत होती आणि पेंटरच्या शेजारी उभी राहून एकेक अक्षर तपासत होती. आता ती बारामतीला नांदते, तिला स्वतःचं लेकरू आहे, आणि तिच्या नावाची गाडी अजून वाघोलीतल्या सोसायट्यांना पाणी पाजते आहे. वाघोलीत चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, फाटकांपाशी कारंजी आली, पण कारंज्यात सोडायचं पाणी टँकरनेच आणावं लागतं. मच्छिंद्रला याचं कधी हसू यायचं, कधी राग. बहुतेक वेळा दोन्हींना फुरसत नसायची.

या गाडीच्या आधी चौदा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या होत्या. शेठ दारावर थाप मारून “ए!” म्हणायचा, की ह्याने खाली उडी टाकायची. स्वतःची गाडी आली त्या दिवसापासून मच्छिंद्रने कुणाला ‘हो शेठ’ म्हटलं नव्हतं. सतरा वर्षं! माणसं कशाकशाचा अभिमान बाळगतात, ह्याने याचा बाळगला होता. पण गाडी आता थकली होती. यंदाचं आरटीओचं पासिंग कसंबसं झालं होतं आणि मच्छिंद्र पुरता ओळखून होता, की इंजिन बसलं तर संपलं. एवढ्या जुन्या गाडीत कुणी नवं इंजिन टाकत नाही, ती सरळ भंगारात जाते. आणि मग मालकाने जायचं कुठे? तर दिग्विजयकडे.

दिग्विजय म्हणजे पाणी भरायच्या विहिरीवरचा बडा माणूस. वय पस्तीसही नसेल, पण बारा टँकर. बोलायला गोड. मच्छिंद्रची गाडी रांगेत लागली की जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “काका, गाडी दमली. तुम्ही कशाला दमताय? आमच्याकडं बसा की. नवी गाडी देतो, एसी देतो.” मच्छिंद्र हसून मान हलवायचा. पण बॉनेटवरचा तो हात त्याला दिवसभर खुपत राहायचा.

तर हे सगळं सुरू झालं इंजिनाच्या तेलावरून. तुम्ही म्हणाल, तेल ते तेल, त्यात एवढं काय? तसं मच्छिंद्रलाही सतरा वर्षं वाटत होतंच. बापूराव मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, दर नऊ हजार किलोमीटरला तेल बदलायचं. ह्याने ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडा लिहायचा, तेवढे किलोमीटर झाले की नेहमीचं साधं तेल आणायचं आणि घरीच अंगणात बदलायचं. कधी प्रश्न पडला नाही. जानेवारीच्या शेवटी आकडा भरला आणि ह्याने दुकानातून साध्या तेलाची पंधरा लिटरची बादली आणून ठेवली. त्याच गुरुवारी योगेश आला तो दुसरी बादली घेऊन.

योगेश त्याचा थोरला मुलगा. चाकणला ट्रकच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

“बाबा, हे फुल्ली सिंथेटिक आहे,” बादली खाली ठेवत तो म्हणाला. “आता ते साधं टाकायचं नाही. उन्हाळा येतोय. हीटमध्ये तुमचं साधं ऑइल पार पातळ होतं. हे टिकतं, इंजिन आतून क्लीन ठेवतं. आमच्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना हेच जातं.”

“पर ही कुठं नवी हाय?”

“म्हणून तर! म्हाताऱ्या माणसाला चांगलं औषध द्यायचं की स्वस्तातलं?”

मच्छिंद्रला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. तो दुसऱ्याच दिवशी विश्रांतवाडीला बापूरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि उत्साहाने सांगू लागला. बापूरावांनी या गाडीचं इंजिन दोनदा खोलून बांधलेलं. सत्तरी उलटली तरी लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि आत काय बिघडलंय ते डोळे मिटून सांगायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकून आले. म्हणजे लांबलचक बोलायची तयारी.

“मच्छिंदर, हिच्या आत सतरा वर्षांचा मळ बसलाय. रबरी सील वाळून लाकूड झाल्यात. त्या मळानंच सगळं धरून ठेवलंय. तुझं ते महागाचं तेल आत जाऊन पहिला मळ धुणार. धुतलेला मळ जाणार कुठं? खालच्या जाळीत. जाळी तुंबली की तेल वर चढायचं कसं? आन् तेल न्हाई चढलं तर इंजिन दहा मिनिटांत बसंल. पोराला म्हणावं, नव्या गाड्यांचं शहाणपण नव्या गाड्यांपाशी ठेव.”

मच्छिंद्रला हेही पटलं. हीच तर त्याची खोड! जो बोलेल त्याचं पटायचं. आणि इथे तर एकीकडे पोटचा पोरगा, दुसरीकडे ज्याच्या हातावर गाडी सतरा वर्षं चालली तो माणूस. तो तिथून निघाला तो थेट नाना पेठेत गेला. तेलाच्या दुकानात मालक पेपर वाचत होते. मच्छिंद्रने दोन्ही बाजू सांगितल्या, सविस्तर. मालकांनी पेपरची घडी घातली.

“आपल्याला तेल हवंय की सल्ला?”

“सल्ला, म्हणजे… तेल घेतलंय. दोन्ही घेतल्यात.”

“वा! मग आमच्याकडे काय काम काढलंत?” तरी त्यांनी विचारलं, “रोज चालते किती?”

“ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.”

“आणि उभी किती असते?”

आता उभ्या गाडीचं काय सांगायचं? मच्छिंद्रला वाटलं, हा आपली टिंगल करतोय. तो तडक पायऱ्या उतरला. मालकांनी पेपर पुन्हा उघडला.

मग काय केलं त्याने? काहीच नाही. आणि हाच तर घोटाळा झाला. योगेशचा फोन आला, “टाकलं का बाबा?” तेव्हा पोराचं मन कशाला मोडा, म्हणून हा म्हणाला, “टाकलं की.” चार दिवसांनी विहिरीवर बापूराव भेटले, “बदललंस का तेल?” तेव्हा हा म्हणाला, “बदललं. तुम्ही सांगितलं तेच.” दोन्ही बादल्या घरामागच्या पत्र्याखाली शेजारी शेजारी बसल्या होत्या, झाकण न फोडलेल्या. शालनने एकीवर मोगऱ्याची कुंडी ठेवली आणि दुसरीवर वाळवण. तिने एकदा विचारलं, तर ह्याने तोंडावर बोट ठेवलं. “बघू. उद्या ठरवू.”

उद्या काही उगवला नाही. उन्हाळा उगवला. मार्च लागला, बोअर आटल्या, विहिरीवर पहाटेपासून रांगा. रोजच्या सहा खेपा. मच्छिंद्रचं मन पंधरा मिनिटं योगेशकडे असायचं आणि पुढची पंधरा बापूरावांकडे. सिग्नलला थांबला की ठरवायचा, साधंच. सिग्नल सुटेपर्यंत सिंथेटिक. दारावरचा खडूचा आकडा मागे पडला, तर त्याने तो अंगठ्याने पुसला आणि नऊच्या जागी दहा लिहिले. हजारभर काय, चालतं. मग अकरा. मग बारा, असं करत करत चौदा. नखं कुरतडून कुरतडून बोटं लालबुंद झाली. आपण चुकतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण चूक करायची तर निदान बरोबर तेल टाकून तरी करू, असं काहीतरी विचित्र त्याच्या डोक्यात बसलं होतं. भीती वाटायची हो. एक चुकीची बादली, आणि सतरा वर्षं गेली भंगारात. बादली उघडलीच नाही तर निदान चुकीची तरी उघडली जाणार नाही, असा सगळा हिशेब.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आवाज आला. टक. टक. टक. अगदी बारीक. इंजिन तापल्यावरच यायचा, गाडी जागेवर चालू असताना. तेलाच्या दाबाचा काटाही खाली यायला लागला. मच्छिंद्र काचेवर टिचकी मारायचा. काटा थरथरायचा आणि तिथेच बसायचा. “मीटर गेलंय,” तो स्वतःला सांगायचा. घरी आला तरी कानात तेच. पंखा टक टक करतोय असं वाटून त्याने पंखा बंद केला. कुकरच्या शिट्टीला दचकला. शालन घामाने निथळत म्हणाली, “एकदाचं दवाखान्यात तरी जावा, न्हाईतर बापूरावांकडं तरी.” बापूरावांकडे जायचं म्हणजे खोटं उघडं पडणार. तो गेला नाही.

आता या गोष्टीतला शेवटचा माणूस. शरच्चंद्र ओगले. मच्छिंद्र ज्या तीन सोसायट्यांना पाणी द्यायचा, त्यातल्या एकीत हे राहायचे. कर्वेनगरचं घर पुनर्विकासाला गेलं म्हणून मुलाच्या फ्लॅटवर येऊन राहिलेले. वेधशाळेतून निवृत्त. पस्तीस वर्षं तापमान, पाऊस आणि वारा वहीत उतरवलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून हात थांबतात थोडेच? त्यांनी टँकर धरला. फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर वही, हातात घड्याळ. टँकर किती वाजता आला, पंप किती मिनिटं चालला, सगळी नोंद.

हा पंप दीड वर्षापूर्वी बसवलेला. त्याआधी झडप उघडली की पाणी आपोआप जमिनीखालच्या टाकीत जायचं आणि इंजिन बंद असायचं. मग सोसायट्यांनी टाक्या उंचावर बांधल्या आणि पाणी वर चढवायला टँकरलाच पंप लावणं आलं. पंप चालायचा गाडीच्याच इंजिनावर. गाडी जागेवर उभी, इंजिन सुरू, पाणी वर. पंप बंद केला की ओगले मोठ्याने वाचायचे, “चव्वेचाळीस मिनिटं. काल बेचाळीस होती.” मच्छिंद्रच्या डोक्यात तिडीक जायची. जणू काही हा मुद्दाम उशीर करतोय! रोज दोन खेपा, रोज दोनदा हे ऐकायचं.

त्या गुरुवारी पंप सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. काटा पार तळाला गेला होता. मच्छिंद्र केबिनमधून उतरत होता, चढत होता, पुन्हा उतरत होता. टक. टक. टक.

“मच्छिंद्रराव,” ओगले खुर्चीतून म्हणाले, “हा आवाज शनिवारपासून आहे. शुक्रवारपर्यंत नव्हता.”

झालं! मच्छिंद्रचा तोल गेला.

“साहेब, तुमाला दुसरं काम न्हाई का? मिनिटं मोजायची, आवाज मोजायचे! काय करता काय एवढी मिनिटं मोजून?”

ओगल्यांनी चष्मा वर केला. “आपण दारावर खडूने किलोमीटर लिहिता. त्याचं काय करता?”

“तेल बदलायला लिहितो. नऊ हजाराला बदलायचं असतं.”

“आणि ही मिनिटं त्यात कुठे धरता?”

“आं? गाडी उभी असती तेव्हा. उभ्या गाडीचं काय धरायचं?”

“चाकं उभी असतात. इंजिन कुठे उभं आहे? ते ओरडतंय की समोर.” ओगल्यांनी वही मच्छिंद्रपुढे धरली. “चाकं फिरतायत की नाही, हे इंजिनाला कुठलं कळायला?”

मच्छिंद्र वहीवर वाकला. ओगल्यांनीच विचारलं, अशा किती खेपा. सहा. प्रत्येकी साधारण चव्वेचाळीस मिनिटं. म्हणजे रोज जवळजवळ साडेचार तास उभ्याने. एक तास म्हणजे अंदाजे चाळीस किलोमीटर धरू, असं म्हणून त्यांनी समासात गणित मांडलं. उभ्या-उभ्या रोजचे पावणेदोनशे किलोमीटर, वर रस्त्यावरचे ऐंशी. शेवटचं तेल कधी बदललं?

“ऑक्टोबरात,” मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

पेन्सिल थांबली. ओगल्यांनी आकडा वाचून दाखवला नाही. पहिल्यांदाच. वही फक्त त्याच्याकडे वळवली. चव्वेचाळीस हजार.

मच्छिंद्र धावत केबिनमध्ये चढला आणि इंजिन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की पार्किंगमधल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. टँकरमध्ये अजून अर्धं पाणी होतं. वरून कुणीतरी गॅलरीतून ओरडलं, पाणी का थांबलं? ओगल्यांनी वर बघून सांगितलं, “पाणी आजारी आहे,” आणि स्वतः जाऊन बागेकडची झडप उघडली. उरलेलं पाणी कडुनिंबाच्या आळ्यात गेलं. मच्छिंद्रने बापूरावांना फोन लावला, मग शालनला.

बापूराव दीड तासाने रिक्षातून आले, अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन. त्यांच्या मागोमाग मोटरसायकलवर योगेश. गुरुवार, त्याची सुट्टी. घरी आला होता, तर आईने धाडून दिलं. मच्छिंद्रने योगेशला फाटकातून आत येताना बघितलं आणि त्याला वाटलं, जमीन फाटली तर बरं.

“कुठलं तेल हाय आत?” बापूरावांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायच्या आधीच विचारलं.

“सिंथेटिक,” योगेश म्हणाला. “मीच आणून दिलंय, जानेवारीत.”

“काय बोलतोस? ह्यानं साधं टाकलंय. मला सांगितलं न्हवं यानं.”

“काका, बाबा मला स्वतः म्हणाले…”

दोघंही थांबले. दोघांनीही मच्छिंद्रकडे बघितलं. ओगलेही बघत होते. वॉचमन बघत होता. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, कानाच्या पाळ्या लाल झालेला, गाडीच्या चाकाकडे बघत उभा.

“दोन्ही बादल्या घरी हायेत,” तो म्हणाला. “मी काय टाकलंच न्हाई.”

योगेश चिडून काहीतरी बोलणार होता. बापूरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुकाट्याने गाडीखाली शिरले. बोल्ट सैल केला. तेल यायला हवं धारेने, ते आलं काकवीसारखं, घट्ट, काळंकुट्ट, थांबत थांबत. बापूरावांनी थेंब बोटांत चोळून उन्हात धरला. काळ्यात बारीक तांबूस चमक होती.

“बेअरिंग झिजलंय. तांबं उतरलंय तेलात.”

“बापूराव, आता कुठलं तेल टाकू?” मच्छिंद्रने काकुळतीला येऊन विचारलं. “तुम्ही म्हणाल ते टाकतो. आत्ताच्या आत्ता.”

“आता?” बापूराव गाडीखालूनच म्हणाले. “जानेवारीत कुठलंबी चाललं असतं रं. माझं चाललं असतं, पोराचं चाललं असतं. गोडं तेल सोडून कायबी चाललं असतं.”

मच्छिंद्र मटकन खाली बसला. फाटकाच्या कडेला, ओगल्यांच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर.

खालची तेलाची टाकी उतरवायला दुपारचे तीन वाजले. मग बापूरावांनी पहिल्या बेअरिंगची टोपी काढली. बेअरिंग पार उघडं पडलं होतं, पण ते बदलता येतं. प्रश्न होता तो ज्याच्यावर ते बसतं त्या दांड्याचा, क्रँकचा. त्याच्यावर ओरखडा असेल तर इंजिन गेलं. ते कळायला यंत्र लागत नाही. स्वच्छ पुसायचं आणि नख फिरवायचं. नख सरकलं तर वाचलं. अडलं तर भंगार.

“माझी बोटं बधिर झाल्यात आता,” बापूराव बाहेर येत म्हणाले. “मच्छिंदर, तू ये. तुझी गाडी हाय. तूच नख लाव.”

मच्छिंद्र आत सरपटला, उताणा झाला, हात वर केला आणि तसाच राहिला. दोन महिने कुरतडलेल्या त्या बोटांना नखच नव्हतं. एकाही नाही. तो आपल्याच हाताकडे बघत पडून राहिला आणि मग त्याला रडू कोसळलं. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, वरून तेलाचे थेंब कपाळावर पडत होते.

“बाबा, सरका,” योगेश शेजारी येऊन पडला. त्याच्या आवाजातला राग गेला होता. “मी बघतो.”

बाप-लेक गाडीखाली खांद्याला खांदा लावून पडले होते. बापूराव एकेक टोपी सोडत होते, योगेश फडक्याने पुसत होता, नख फिरवत होता. सहा जागा होत्या.

“एक, ओके.”

“दोन, ओके.”

“तीन… ओके.”

चौथ्याला योगेश थांबला. पुन्हा पुसलं. पुन्हा नख लावलं. मच्छिंद्रला दिग्विजयचा हात दिसला, बॉनेटवरचा. दारावर पडलेली थाप ऐकू आली. ‘ए!’

“योग्या, बोल की रं!”

“थांबा बाबा… मळ होता. सरकलं. ओके आहे.”

पाचवं सरकलं. सहावं सरकलं. बापूराव बाहेर बसून चाकाला पाठ टेकवून म्हणाले, “म्हातारी चिवट हाय.” मच्छिंद्र गाडीखालून निघालाच नाही बराच वेळ. योगेशने त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि दोघांचेही हात तेलाने इतके माखले होते की कुणाचा कुठला ते कळत नव्हतं.

शुक्रवारी नवी बेअरिंग बसली. शनिवारी सकाळी शालन रिक्षातून दोन्ही बादल्या घेऊन सोसायटीत आली, कुंडीची माती एकीच्या झाकणावर अजून तशीच. बापूराव आणि रजा टाकून थांबलेला योगेश दोन बाजूंना उभे राहिले. दोघांनीही तोंडं मिटून घेतली होती, अगदी मुद्दाम.

“बोला बाबा. कुठलं?”

मच्छिंद्रने या वेळी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. “साधं,” तो म्हणाला. “आन् दर सव्वादोनशे तासाला काढून टाकायचं, नऊ हजार किलोमीटरचे तेवढेच तास व्हत्यात. उभ्या तासांसकट. म्हणजे महिन्याला एकदा आलंच. दर महिन्याला वतून द्यायचं, तर ते महागाचं टिकाऊ तेल टिकणार तरी कशाला?”

बापूराव मिशीत हसले. योगेशने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “लॉजिक बरोबर आहे. मान्य.” मग आपली बादली उचलून मोटरसायकलला बांधायला लागला. जाताना त्याने वडिलांच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच. खोटं बोलल्याची तेवढीच शिक्षा झाली.

सोमवारी पहाटे प्रियदर्शनी विहिरीवर रांगेत लागली. दिग्विजय लगबगीने आला. “काका, ऐकलं गाडी बसली म्हणून!”

“बसली व्हती,” मच्छिंद्र म्हणाला. “उठली.” आणि दिग्विजयचा हात बॉनेटकडे जायच्या आत त्याने गाडी पुढे घेतली.

साडेआठला सोसायटीत पंप सुरू झाला. मच्छिंद्र केबिनमध्ये बसून होता. कान तेवढा लावून ठेवलेला, पण बसला होता. काटा मधोमध उभा. टक टक नाही. पंप बंद झाला तसं खुर्चीवरून नेहमीसारखं ऐकू आलं.

“त्रेचाळीस मिनिटं.”

मच्छिंद्रने खडू काढला. दाराच्या आतल्या बाजूचा जुना आकडा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिलं, त्रेचाळीस. मग उतरून ओगल्यांपुढे जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून.

“साहेब, एक काम व्हतं. आजपासून रोजची मिनिटं मला सांगत जाल का?”

ओगल्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

“दीड वर्ष मी दुसरं काय करतोय?”